पाचर कुठे बसते?

आग्रही : दारूवर आपण कर लावतो, कारण लोकांनी ती कमी प्यावी असं आपल्याला वाटतं. तंबाखूचंही तेच. मग माणसाला कामावर ठेवण्यावर कर का लावतो? जर्मनी घ्या. सरासरी पगाराच्या एका अविवाहित कामगारासाठी मालकाने १०० युरो खर्च केले, तर त्यातले जेमतेम ५२ त्याच्या हातात पडतात. बेल्जियममध्ये पन्नासही नाहीत. बाकीचे प्राप्तिकरात आणि आरोग्य, पेन्शन, बेकारी यांच्या विम्याच्या हप्त्यांत जातात. अर्थशास्त्रज्ञ याला पाचर म्हणतात आणि शब्द चपखल आहे. ओंडक्यात पाचर ठोकली की दोन फाळ्या होतात, तसे इथे मालक आणि कामगार एकमेकांपासून दूर होतात. मालकाला वाटतं माणूस परवडत नाही, माणसाला वाटतं काम परवडत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर युरोपातल्या बेकारांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक वर्षाहून जास्त काळ बेकार होते. अमेरिकेत दहातला एखादा. जाक देलोर युरोपीय आयोगाचे अध्यक्ष असताना, १९९३ साली, आयोगाने श्वेतपत्रिका काढली. श्रमावरचे सक्तीचे भार राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक ते दोन टक्क्यांनी कमी करा, असं तीत स्पष्ट म्हटलं होतं. पुढे २००० साली दावेरी आणि ताबेलिनी या दोघा इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला : १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत युरोपीय संघात श्रमावरचा कर १४ टक्केबिंदूंनी वाढला आणि त्यापायी बेकारी सुमारे ४ टक्केबिंदूंनी वाढली. देलोर तर फ्रान्सच्या समाजवादी पक्षाचे. म्हणजे हे फक्त मालकांचं रडगाणं होतं असंही म्हणता येत नाही.

शंकेखोर : दारूचा दाखला इतका गुळगुळीत आहे की मला त्याचाच संशय येतो. पिणाऱ्याने भरलेला कर म्हातारपणी त्याच्याकडे परत येत नाही. कामगाराचा हप्ता येतो. बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आणला, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये वृद्धापकाळाचा. कल्पना अशी की पगाराचा एक तुकडा आज न देता उद्या द्यायचा. तुम्ही ज्याला पाचर म्हणता त्यातला बराचसा भाग हा उशिरा मिळणारा पगारच आहे. कामगाराला तसं वाटत असेल, तर तो हातात कमी घ्यायला तयार होतो आणि मालकाला माणूस महाग पडत नाही. लांब कशाला, पुण्यातल्या कुठल्याही कंपनीचं ऑफर लेटर उघडा. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या, तक्त्यात कंपनीने भरायचा पीएफ तुमच्याच पगारात धरलेला असतो. कायदा म्हणतो, हा मालकाचा हिस्सा. तक्ता म्हणतो, बाबा रे, हे तुझेच पैसे. चिलीत १९८१ साली पेन्शन खासगी झाली आणि पुढच्या काही वर्षांत कारखान्यांवरचा पगारकर झपाट्याने उतरला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे नोकऱ्यांचा पूर यायला हवा होता. अर्थशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुबर यांनी तिथल्या कारखान्यांची आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं, की पगार वाढले आणि नोकऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आणि हेही सांगा, ऑस्ट्रियातली पाचर स्पेनपेक्षा जाड आहे. तरी २०१३ साली स्पेनमध्ये २६ टक्के बेकारी होती आणि ऑस्ट्रियात पाच-साडेपाच. पाचरच दोषी असती तर हे उलटं दिसायला हवं होतं.

आग्रही : चिलीचं मान्य, सीटीसीचंही मान्य. पण सीटीसीचं पत्र कुणाला मिळतं? ज्याचा पगार वाकू शकतो त्याला. चाळीस हजारांतले पाच हजार इकडचे तिकडे करता येतात. किमान वेतनावरच्या माणसाचं काय? त्याच्या पायाखाली कायद्याची फरशी आहे. हप्ता वाढला म्हणून त्याचा पगार त्याखाली नेता येत नाही, म्हणून सगळा भार मालकाच्या खर्चावर चढतो. मालक मग पगार कमी करत नाही, माणूस कमी करतो. फ्रान्समध्ये नव्वदच्या सुरुवातीला हेच चाललं होतं : किमान वेतन भक्कम, त्यावर मालकाचे हप्ते चाळीस टक्क्यांच्या आसपास. १९९३ पासून त्यांनी किमान वेतनाजवळचे हप्ते माफ करायला सुरुवात केली आणि पुढच्या बहुतेक सरकारांनी ती माफी वाढवत नेली. २००८ च्या मंदीत तर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या धंद्यांना सांगितलं, कमी पगारावर नवा माणूस घ्या, मालकाचे हप्ते माफ. त्याचा परिणाम चटकन आणि स्वस्तात झाला, हे फ्रेंच अभ्यासकांनी दाखवलं. म्हणून सरासरी पाचर किती जाड, हा माझ्या लेखी प्रश्नच नाही. ती कुठे बसते हा प्रश्न आहे. दीर्घकाळ बेकार राहणारा माणूस सहसा सरासरी पगाराचा नसतो. तो तळाचा असतो. ऑस्ट्रियाचा सरासरी कामगार पाचर सोसतो, कारण त्याचा पगार लवचीक आहे, आणि तिथे किमान वेतनाचा सरसकट कायदा नाही, क्षेत्रवार करार आहेत.

शंकेखोर : आता तुम्ही जागेवर आलात. सुरुवातीला सगळ्या श्रमावरचा कर वाईट होता, आता फक्त तळाचा उरला. मीही थोडा सरकतो. स्वीडनने २००७ मध्ये तरुणांवरचा पगारकर कमी केला आणि २००९ मध्ये तो आणखी उतरवला. सव्वीसपर्यंतच्या मुलांसाठी तो ३१ टक्क्यांवरून जवळजवळ निम्म्यावर आला. त्यांचे हातातले पगार वाढले नाहीत, नोकऱ्या वाढल्या. म्हणजे तुमच्या बाजूचा पुरावा. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१५-१६ मध्ये सवलत काढून घेतली, कर पूर्वीच्या जागी गेला, आणि तरुणांच्या वाढलेल्या नोकऱ्या पुन्हा कमी झाल्या नाहीत. किंमतच सगळं ठरवत असती तर किंमत परत चढल्यावर मागणी उतरायला हवी होती. माझा अंदाज असा की मालकांना तरुण घेण्याची सवय लागली. ‘ही पोरं टिकत नाहीत’ हा ग्रह गळून पडला. मग आधी त्यांना दाराबाहेर कशाने ठेवलं होतं, कराने की त्या ग्रहाने?

आग्रही : दोन्हींनी. पण ग्रह मोडायला पैसा लागला ना? सवलतीवाचून मालकाने तो माणूस एकदा तरी वापरून पाहिला असता का?

शंकेखोर : तरुणाला पाहिला असता, आज ना उद्या. माझी काळजी वेगळ्या माणसाची आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिचे सहकारी अभ्यासासाठी तिथे गेले आणि १९३३ मध्ये त्यांनी आपलं पुस्तक काढलं. त्यांनी खिडकीत बसून लोकांच्या चालण्याची नोंद ठेवली. घाई कुणालाच नव्हती, आणि पुरुष चालता चालता थांबत, दोन-दोन, तीन-तीनदा थांबत. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, आणि ते वेळच वेळ असताना. बेकारी लांबली की माणसाचं असं होतं, आणि मालकाला ते लांबूनही ओळखू येतं. अमेरिकेतल्या शंभरेक शहरांत अभ्यासकांनी खोटे अर्ज पाठवून पाहिलं. अर्जदार एकाच लायकीचे, फरक फक्त किती महिने घरी बसलेत याचा. पहिल्या आठेक महिन्यांतच मुलाखतीची बोलावणी झपाट्याने घटत गेली. जिथे कामं मुबलक तिथे घट जास्त, कारण मालक विचारतो, इतकं काम असताना हा रिकामा कसा? २०१० साली अमेरिकेने कायदाच केला की साठ दिवसांहून जास्त बेकार असलेल्याला घेतलंत तर त्या वर्षाचा मालकाचा ६.२ टक्के सामाजिक सुरक्षा कर माफ. मला वाटतं, दीर्घकाळ बेकार असणं ही किंमत नाही, तो कलंक आहे. आणि सवलत हा त्या कलंकावरचा शिक्का होऊ शकते. ‘हा माणूस सवलतीत मिळतो’ म्हटल्यावर गिऱ्हाईक आधी विचारतं, त्यात खोट काय आहे?

(इथे लेखकाची लुडबुड. माझा एक मित्र दीड वर्ष घरी बसला होता. मुलाखतीला जाताना तो बायोडेटातले महिने काढून टाकी आणि फक्त वर्षं ठेवी. त्याला कर किती लागेल, हे कुणी कधी विचारलं नाही. मधल्या काळात काय करत होता, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. इतकंच सांगायचं होतं. पुढचं त्या दोघांनी बोलावं.)

आग्रही : कलंकालाही किंमत असते, एवढंच माझं म्हणणं. ज्याच्याबद्दल मालकाला खात्री नाही तो माणूस म्हणजे एक डाव. डावात किती लावायचं ते मालक बघतो. पहिल्या सहा महिन्यांचा पगार, शिकवण्याचा खर्च, चुकलं तर काढून टाकण्याचा त्रास, आणि वर पगाराच्या वीस-पंचवीस टक्के हप्ते. पैज जितकी मोठी तितका तो खात्रीचा माणूस शोधेल, म्हणजे काल-परवापर्यंत कामावर असलेला. कर सगळ्यांना सारखा लागतो, पण तो दाराबाहेर ठेवतो रांगेतल्या शेवटच्याला. आता जर्मनीचा दुसरा भाग ऐका, तो मला फार बोलका वाटतो. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. पूर्वेतले कारखाने कोसळले, लोक बेकार झाले, अनेकांना वेळेआधी पेन्शनवर पाठवलं. खर्च कुठून करायचा? कर वाढवण्यापेक्षा विम्याच्या खजिन्यांतून भागवणं राजकारण्यांना सोपं होतं. परिणाम असा की कामगार आणि मालक मिळून जे हप्ते भरत ते पगाराच्या ३५-३६ टक्क्यांवरून १९९८ पर्यंत ४२ च्या वर गेले. बेकारी वाढली म्हणून हप्ते वाढले, हप्ते वाढले म्हणून तळाचा माणूस महागला, तो बाहेर राहिला म्हणून पुन्हा खजिन्यावर भार. धक्का एकदाच बसला, पण तो उतरला नाही. ब्लँचर्ड आणि समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये युरोपच्या बेकारीला जे म्हटलं होतं ते हेच, की कालच्या बेकारीतून आजची बेकारी निपजते. तुमची मारिएनथालची मंद चाल त्याचा एक रस्ता असेल, माझे हप्ते दुसरा. आणि दुसरा रस्ता सरकारच्या हातात आहे. माणसाची चाल सरकारला बदलता येत नाही.

शंकेखोर : हे मात्र विचार करायला लावणारं आहे. बेकारी सोसायचा खर्च कामावरच टाकायचा, म्हणजे आजाऱ्याच्या औषधाचा खर्च त्याच्याच जेवणातून काढण्यासारखं. पण मग काढायचा कुठून? जर्मनीने १९९९ मध्ये इंधनावर कर वाढवून पेन्शनचा हप्ता थोडा उतरवला. २००७ मध्ये मूल्यवर्धित कर १६ वरून १९ टक्के केला आणि बेकारी विम्याचा हप्ता ६.५ वरून ४.२ वर आणला. तो कर बेकारही साबण घेताना भरतोच. शिवाय तुमची तळाची सवलत आहे तिला काठ असतो, आणि काठावर माणसं अडकतात. जर्मनीतला मिनी-जॉब घ्या. २००३ पासून २०१२ पर्यंत महिना ४०० युरोपर्यंतच्या कामावर कामगाराला कर-हप्ता जवळजवळ नव्हता, मालकाचाही सपाट दर. लाखो बायका त्या रेषेच्या आत राहिल्या. एक पाऊल पुढे टाकलं की हातातली रक्कम घटायची, मग कोण टाकेल? फ्रान्समध्येही किमान वेतनाच्या आसपास पगारांची गर्दी झाली, कारण पगार वाढवला की मालकाची माफी घटते. बेकारीच्या खड्ड्यातून काढलेला माणूस स्वस्त कामाच्या खड्ड्यात राहिला, तर आकडेवारी सुधारली, त्याचं काय सुधारलं? आणि जर्मनीतली बेकारी २००५ नंतर उतरली ती एकट्या हप्त्यांनी नाही. बेकारभत्त्याचे आणि नोकरीचे नियम बदलणारे हार्ट्झचे कायदे होते, संघटनांनी वर्षानुवर्षं पगार आवरले होते, बाहेर यंत्रांना मागणी होती. यातलं किती कुणाचं, यावर तिथले अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात.

आग्रही : भांडू द्या. स्वस्त काम विरुद्ध काम नाही, यात मी स्वस्त काम निवडेन. तुमची मारिएनथालची माणसंही तेच म्हणाली असती. पण आपल्या दारचं बघा. युरोपात बेकारभत्ता आहे म्हणून माणूस दोन वर्षं बेकार राहू शकतो. आपल्याकडे परवडतच नाही. म्हणून श्रमावरचा भार आपल्याकडे बेकारीत दिसत नाही, तो नोंद नसलेल्या कामात दिसतो. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, दहा झाली की ईएसआय, म्हणजे कामगार विमा. एकोणिसावर थांबलेली हजेरी तुम्ही पाहिली असेलच. विसावा माणूस ठेकेदाराच्या मस्टरवर असतो, किंवा कुठेच नसतो.

शंकेखोर : पाहिली आहे. आणि मुंबईचं गिरणगावही आठवतं. जानेवारी १९८२ मध्ये अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, आणि कित्येक जण पुन्हा कधी कामावर परतले नाहीत. परळ-लालबागच्या चाळींत मारिएनथालचीच चाल दिसत होती. सांगा, तिथे कोणता कर वाढला होता?

आग्रही : वाढला नव्हता. पण कापड विणायचं थांबलं का? ते भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं, जिथे पीएफ नाही, ईएसआय नाही, बारा-बारा तासांच्या पाळ्या. गिरणीतल्या नोंदलेल्या माणसाच्या डोक्यावर जो बोजा होता तो तिथे नव्हता. काम संपलं नाही, कामाची नोंद संपली. संपामुळे गिरण्या बंद पडल्या हे खरं, पण त्या बंद राहिल्या त्यात पाचरीचाही वाटा होता.

शंकेखोर : जमिनीच्या किमतीचा त्याहून मोठा वाटा होता. पण ठीक, वाटा मानतो. मग आपल्याकडच्या खऱ्या दीर्घ बेकारांकडे या. आपल्याकडे शिक्षण जितकं जास्त तितकी बेकारी जास्त, हे सरकारी पाहणीच सांगते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची पाच-पाच वर्षं काढणारा मुलगा पाचरीने बाहेर ठेवलेला नाही. तो स्वतःहून थांबलाय, कारण नोंदलेल्या आणि न नोंदलेल्या कामात एवढी दरी आहे की सरकारी नोकरीची लॉटरी वर्षं घालवण्याइतकी मोलाची वाटते. त्याच्यासाठी हप्ता स्वस्त करून काय होईल? उलट खासगी नोकरीत हप्ते, पेन्शन, विमा असता तर तो कदाचित अभ्यासिकेतून उठला असता. म्हणजे आपल्याकडे लांबलेल्या बेकारीवर पाचर जाड करणं हाही उपाय असू शकतो!

आग्रही : हा तुमचा आजचा सगळ्यात बरा मुद्दा. पण जाडी कुणी सोसायची? आता केंद्राने ऑगस्ट २०२५ पासून योजना आणली आहे, ९९,४४६ कोटींची. नव्या कामगारामागे मालकाला महिना तीन हजारांपर्यंत, आणि पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याच्या हातात पंधरा हजारांपर्यंत. पाचर राहते, तिचा भार काही काळ सरकार उचलतं. दरी बुजवायची आणि पैजही कमी करायची, दोन्ही एकदम.

शंकेखोर : ‘पहिल्यांदाच’ हा शब्द लक्षात घ्या. गिरणी कामगाराच्या वयाचा, एकदा पीएफ खातं उघडून मग चार वर्षं घरी बसलेला माणूस त्या पंधरा हजारांत नाही. दारातली रांग सरकारने पुढून मोजली, मागून नाही. तुमचीच भाषा वापरायची तर पैज ज्याच्यावर सगळ्यात मोठी, त्याला सोडून दिलं. आणि दोन वर्षांनी सवलत संपेल तेव्हा स्वीडनसारखी सवय टिकेल की हजेरी पुन्हा एकोणिसावर येईल?

आग्रही : ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. पण महाराष्ट्राने एकदा तुमच्या-माझ्या वादाच्या बरोबर उलटं करून पाहिलं, त्याचं काय म्हणता? वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर पसरली, तेव्हा पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगारदार भरणार, आणि त्यातून गावातल्या रिकाम्या हातांना काम. श्रमावरचा कर, पण बेकारी मोडण्यासाठी. मी एरवी अशा कराच्या विरोधात, तरी याच्यापुढे माझं काही चालत नाही. कारण रक्कम इतकी बारीक होती की कुणाची नोकरी तिने गेली नाही, आणि मस्टरवर नाव असल्यामुळे माणूस ‘रिकामा’ राहिला नाही.

शंकेखोर : मस्टरवर खडी फोडणाऱ्याला रिकामा म्हणत नाहीत, हे खरं. त्याच्या पुढच्या मालकाला त्याचं काही वाटलं की नाही, ते निराळं. आणि ती हमी ग्रामीण भागासाठी होती. मुंबईच्या पगारदारांनी कर भरला, पण गिरणी बंद पडल्यावर चाळीत राहिलेल्याला तिचा उपयोग नव्हता. गावी परतला तरच.

आग्रही : म्हणजे पाचर मुंबईत आणि लाकूड गावात.

शंकेखोर : तसंच. आणि कर अजून आहे. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. मिळून वर्षाला अडीच हजार. घटनेच्या कलम २७६ मधली ही मर्यादा १९८८ मध्ये २५० वरून २,५०० केली, आणि तेव्हापासून ती तेवढीच आहे.